शोभेच्या रताळ्याच्या वेलीला मधे टक्कल पडलं असेल तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत सांगतो. लटकत्या कुंडीत पोपटी रंगाची शोभेची रताळ्याची वेल आहे, शेजारी दुसऱ्या कुंडीत काळसर जांभळी. पोपटीच्या फांद्या खाली दीड मीटर लोंबतायत पण कुंडीच्या तोंडाशी नुसत्या काड्या उरल्यात, पानांना वाटाण्याएवढी भोकं आहेत, काळीची नवीन पानं हिरवट यायला लागलीत, पाणी घातलं की क्षणात खालून वाहून जातं आणि संध्याकाळी वेल परत मान टाकते. वर मातीतून गड्डे डोकावतायत ते खायचे का ठेवायचे, थंडीत ही जगवायची कशी, आणि हिला फूल येतं का. प्रश्न बरेच दिसतात पण यातले निम्मे नुसत्या कात्रीने सुटतात, ते आधी बघू.

पंधरा-सोळा वर्षं मी ही रोपं करतोय, विकतोय आणि लोकांच्या बाल्कनीत जाऊन दुरुस्तही करतोय, आणि एकच गोष्ट सगळीकडे दिसते, लोक या वेलीला कापायला घाबरतात. एवढी छान लांब झालीय, कशी कापू? अहो हे रताळं आहे. खातो तेच रताळं, आयपोमिया बटाटास, जात एकच, फक्त पानांच्या रंगासाठी निवडून वाढवलेलं. शेतात याचे वेल कापूनच पुढची लागवड करतात. उरलेल्या फांदीवर फुटायला डोळे तयार असतात त्यामुळे वरचं अर्धं अंग गेलं तरी ही वेल पंधरा दिवसांत परत उभी राहते, नाजूक इनडोअर झाडांसारखे हिचे लाड करायची काही गरज नाही.

टक्कल का पडतं ते सांगतो. वाढीचा सगळा जोर शेंड्याकडे असतो, शेंडा जिवंत आहे तोवर तो मागच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खाली खाली पळत राहतो, नवी पानं सगळी टोकाला, आणि मुळाजवळची पानं म्हातारी होऊन पिवळी पडून गळतात, त्यांच्या जागी दुसरं काही येत नाही. त्यात मधे एकदोनदा कुंडी कडकडीत सुकली असेल तर सगळ्यात आधी हीच आतली पानं जातात. आणि नायट्रोजनवालं खत जास्त झालं असेल तर दोन पानांमधलं अंतर वाढतं, मग वेल लांब दिसते पण विरळ.

आता कापायचं कुठे. एक फांदी हातात घ्या आणि कुंडीच्या काठापासून बोट फिरवत खाली या. जिथे पानाचा देठ फांदीला जोडलेला असतो किंवा गळलेल्या पानाची खूण असते ते पेर, तिथे बोटाला बारीक टेंगळं लागतील, खरखरीत, मोहरीपेक्षाही लहान. ती मुळांची सुरुवात आहे, माती किंवा ओल लागली की तिथूनच मुळं बाहेर येतात. त्याच पेराच्या बगलेत एक डोळा असतो, नवा फुटवा त्यातून येणार. म्हणून पेराच्या पुढे, शेंड्याच्या बाजूला, साधारण एक सेंटीमीटर सोडून कापायचं. काठापासून १५ ते २० सेंटीमीटर ठेवा, बाकी सगळं उडवा. कापल्याबरोबर पांढरा चीक येईल, त्याने घाबरू नका, फक्त तो हाताला आणि कपड्याला लागला की नंतर काळा डाग पडतो आणि निघता निघत नाही, माझे कामाचे सगळे शर्ट त्या डागांनी भरलेत. कात्री मधेमधे पुसत राहा नाहीतर चिकट होऊन फांदी चिरडायला लागते.

एकदम सगळं कापलं की दोन आठवडे कुंडी भकास दिसते हे मात्र खरं, आणि घरात त्यावरून बोलणी बसतात. त्यावर माझा उपाय असा की आज एक आड एक फांदी कापायची, उरलेल्या लांबच ठेवायच्या. पंधरा दिवसांनी कापलेल्यांना फुटवे आले की मग उरलेल्या कापायच्या. बघणाऱ्याला कळतही नाही. हे सगळं वाढीच्या दिवसांत, ऊब असताना. वेल आधीच थंडीने किंवा कुजल्याने आजारी असेल तर एवढी जोरदार छाटणी नको, आधी तिला सावरू द्या.

आणि ते टक्कल लवकर झाकायचं असेल तर एक गंमत आहे. टक्कल लपवायला बाजूचे केस वळवून मधे आणतात ना, अगदी तसंच एकदोन लांब फांद्या उलट्या वळवून मातीवर आणायच्या, मधलं एखादं पेर मातीला टेकवायचं आणि तारेची यू आकाराची पिन करून दाबून ठेवायचं. फरक एवढाच की इथे वळवलेले केस खरोखर तिथे मुळं धरतात, आठवडा दहा दिवसांत ओढून बघाल तर हलत नाहीत. मग प्रत्येक टेकलेल्या पेरातून फुटवा येतो आणि मधली जागा भरून जाते.

कापलेल्या फांद्या फेकू नका हे वेगळं सांगायला नकोच. शेंड्याकडचे १० ते १५ सेंटीमीटरचे तुकडे करा, तीन-चार पेरं पाहिजेत, खालची पानं काढून टाका, ग्लासात पाणी घेऊन दोन पेरं बुडतील असे ठेवा. चारपाच दिवसांत पांढरी मुळं दिसतात, फार तर आठवडा. पाणी एक दिवसाआड बदला. मुळं दोनतीन सेंटीमीटर झाली की कुंडीत लावून टाका, लोक महिनाभर ग्लासात ठेवतात आणि मग ती लांब पाणमुळं लावताना कटाकट तुटतात. खरं तर पाण्याचीही गरज नाही, सरळ ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचलं तरी लागतात, मी रोपं करताना पाण्याची भानगड ठेवतच नाही. पण घरी मुलांना मुळं येताना बघायला मजा येते तर करा.

यापुढे दर दोनतीन आठवड्यांनी शेंडे नखाने खुडत राहा, मग कात्री काढायची वेळच कमी येते. नवीन रोप असेल तर पाचसहा पानं झाल्यावर पहिला शेंडा खुडायचाच, तिथूनच झुपका बनतो.

आता पाणी. तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्री आहे की तुमची कुंडी रताळ्यांनी भरलीय. मातीला मधे उंचवटा आलाय का, प्लॅस्टिकची कुंडी दाबली तर दगडासारखी लागते का, बघा. ही वेल शोभेची असली तरी गड्डे धरायचं विसरत नाही, आणि छोट्या कुंडीत ते मातीला बाहेर ढकलतात. मग तुम्ही ओतलेलं पाणी उंचवट्यावरून कडेला जातं आणि भिंतीच्या फटीतून सरळ खाली. खालून पाणी आलं म्हणून तुम्हाला वाटतं पोटभर झालं, आणि आतली माती कोरडी ठाक. माझ्याकडे एकदा एक पातळ प्लॅस्टिकची कुंडी उभी चिरली होती, मी हाताखालच्या पोराला ओरडलो की पाडलीस म्हणून, उलटी करून बघतो तर आत मुठीएवढी तीन रताळी एकमेकांना रेटत बसलेली. पोराची माफी मागावी लागली.

तर वेल छाटलीत की त्याच दिवशी रोप कुंडीतून बाहेर काढा. माती हाताने जरा मोकळी करा, मोठे गड्डे दिसतील ते देठाकडून स्वच्छ सुरीने कापून वेगळे करा, बारीक केसाळ मुळं जितकी राहतील तितकी ठेवा. या हंगामात जगायला वेलीला त्या बारीक मुळांची गरज आहे, गड्ड्यांची नाही, तो पुढच्यासाठीचा साठा. एकदोन छोटे राहिले तर राहू द्या. मग नवीन मिश्रण भरून परत लावा, भरपूर पाणी द्या आणि तीनचार दिवस सावलीत. मिश्रण भुसभुशीत पाहिजे आणि निचरा होणारं, कोकोपीट, कंपोस्ट आणि थोडं परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू असं काहीही चालतं. किंचित आम्लधर्मी माती हिला मानवते पण त्यासाठी मीटर विकत घेऊ नका.

रोजचं पाणी घालताना एक फरक ओळखायला शिका. भर दुपारी पानं लोंबतात आणि ऊन उतरल्यावर आपोआप उभी राहतात, तर ती फक्त उन्हाची मरगळ आहे, पाणी घालू नका. संध्याकाळी पण लोंबलेलीच आणि दोन सेंटीमीटर खाली बोट घातलं तर कोरडं, तर तहान लागलीय, घाला. आणि लोंबलेली आहे पण बोटाला चिखल लागतो, तर मुळं कुजतायत, अशा वेळी पाणी घातलंत तर संपलं. हे मी पुस्तकातून सांगत नाही, सुरुवातीच्या वर्षात सलग पावसानंतर चाळीसएक रोपं मान टाकून उभी होती आणि मी शहाण्यासारखा त्यांना पाईपने पाणी मारलं, आठवड्यात सगळी बुडाशी मऊ पडली. माती ओली असूनही रोप तहानलेलं दिसतं कारण मुळंच पाणी ओढत नसतात. बुडाची फांदी दाबून बघा, कडक असेल तर कुंडी हवेशीर जागी ठेवून सुकू द्या, मऊ झाली असेल तर वरचे चांगले शेंडे कापून पाण्यात ठेवा आणि ते रोप सोडून द्या.

पानाच्या मागच्या बाजूला कधी बारीक फोड किंवा खडबडीत पुळ्या दिसतात, दमट ढगाळ हवेत जास्त पाणी झालं की. तो रोग नाही, पानाने बाहेर टाकता येईल त्यापेक्षा जास्त पाणी मुळांनी ओढलं म्हणून पेशी फुटतात. औषध मारत बसू नका, पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा. त्या पुळ्या जात नाहीत पण नवी पानं स्वच्छ येतात.

काळीचा रंग. गडद पानांतला जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, आणि तो नीट बनायला थेट ऊन लागतं, दिवसाला सहा तास तरी. सावलीत वेल म्हणते हिरवं जास्त हवं, रंगाची चैन कशाला. तुमची जुनी आतली पानं हिरवट असती तर मी दुर्लक्ष करा म्हणालो असतो पण नवीन हिरवी येतायत म्हणजे जागाच चुकलीय. फक्त एकदम कडक उन्हात नेऊ नका, सावलीतली पानं भाजतात, आठवडाभर रोज थोडं थोडं पुढे सरकवा. जुनी पानं परत काळी होणार नाहीत, नवीन येतील ती होतील. पोपटीचं थोडं वेगळं आहे, दाट सावलीत ती साधी हिरवी होते आणि फार रणरणत्या उन्हात फिक्कट पडून कडा करपतात, तिला सकाळचं ऊन आणि दुपारची झिरपती सावली सगळ्यात चांगली. पुढे कधी गुलाबी पांढऱ्या हिरव्या तीन रंगांची 'ट्रायकलर' घ्यायचा मोह झाला तर ती हळूच वाढते हे धरून चाला, पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं मग अन्न करणार कोण, उन्हाने ती भाजतेही लवकर. तिच्यात एखादी पूर्ण हिरवी फांदी निघाली तर ताबडतोब मुळापासून काढा, नाहीतर ती जोरदार फांदी बाकीच्यांना गिळून टाकते.

भोकं. पानाच्या मधेच गोल गोल भोकं असतील तर बहुतेक सोनेरी कासव भुंगेरा. पान उलटून बघा, काचेच्या कवचाखाली सोन्याचा थेंब ठेवल्यासारखा एक चिमुकला किडा दिसतो, आणि त्याला छेडलं की सोनं उतरून मातकट लालसर होतो, मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मारायचंच विसरलो. त्याची अळी मात्र घाणेरडी, चपटी काटेरी, स्वतःची विष्ठा छत्रीसारखी पाठीवर धरून फिरते. दोघंही हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, तेवढं पुरतं. कडेपासून खाल्लेलं असेल तर अळ्या, चकचकीत वाळलेली रेघ दिसली तर गोगलगाय, रात्री टॉर्च घेऊन जा म्हणजे चोर सापडतो. थोडीफार भोकं असली तर मी काहीच करत नाही, ही वेल खाणाऱ्यापेक्षा जास्त वेगाने पानं काढते.

पांढरी माशी आणि लाल कोळी हे मात्र त्रासदायक. फांदी हलवली की पांढरा भुरका उडाला तर माशी, पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि मागे बारीक जाळं तर कोळी, तो कोरड्या गरम हवेत येतो. पानांच्या मागच्या बाजूने जोरात पाणी मारा, दोनतीन दिवसांनी परत, तरी राहिले तर कडुनिंबाचं तेल थोड्या लिक्विड साबणाबरोबर, संध्याकाळी, आणि आधी दोनचार पानांवर मारून एक दिवस थांबा कारण पोपटी पानं कधीकधी भाजतात.

मुंग्या दिसल्या तर लगेच मावा आला असं समजू नका हा. पान आणि देठ जिथे जुळतात तिथे या वेलीला दोन बारीक मधाच्या ग्रंथी असतात, फुलात नाही, देठावर, त्या चाटायला मुंग्या येतात. निरुपद्रवी. पान उलटून मावा किंवा पिठ्या ढेकूण नाही ना एवढं बघा आणि सोडून द्या. खरी भीती एकाचीच, सोंड्या भुंगा, निळसर काळा, मधे लालभडक मान, लांबून मुंगळाच वाटतो. त्याच्या अळ्या वेलीच्या बुडात आणि गड्ड्यात बोगदे करतात. गड्डा कापला आणि आत काळे बोगदे आणि कडवट वास आला तर तो गड्डा, ती माती सगळं पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको आणि पुढच्या वर्षासाठी तर नकोच.

खताचं फार काही नाही. लावताना मिश्रणात कंपोस्ट असेल तर महिनाभर काही देऊ नका, नंतर तीन आठवड्यांतून एकदा कुठलंही संतुलित पातळ खत, डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात. याच कुंडीत फुलझाडं असतील तर त्यांना जास्त खत लागतं आणि त्याचा फायदा मात्र वेल उचलते, मग दोन महिन्यांनी पिटुनिया शोधावा लागतो. मिश्र कुंडीत लावायचीच असेल तर 'ब्लॅकी' किंवा 'मार्गारिटा' असल्या जुन्या धावणाऱ्या जाती नकोत, नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीने तयार केलेली 'स्वीट कॅरोलाइन' मालिका आहे तसल्या आटोपशीर वाढणाऱ्या घ्या, हृदयाच्या आकाराची पानं, कातरलेली पानं, तांबूस रंग सगळं मिळतं त्यात. जाळीवर चढवायचा विचार असेल तर हिला धरायला तणावे नसतात, सैल दोरीने बांधत न्यावं लागतं.

गड्डे खायचे का? विषारी नाहीत, जात तीच आहे, पण चवीसाठी निवडलेले नसल्यामुळे फिके, तुरट, कधी कडूसुद्धा लागतात. आणि नर्सरीतून आणलेल्या शोभेच्या रोपांवर आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत मुरणारं, कीटकनाशक मारलेलं असू शकतं, खाण्याच्या पिकाचे नियम त्याला कोण लावतो, म्हणून विकत आणलेल्या रोपाचे गड्डेही नाही आणि पानंही नाही. मी चव घेतलीय, दुसऱ्यांदा घेतली नाही.

थंडीचं सांगतो. हिचं दुखणं हिमापासूनच सुरू होतं असं नाही, १० अंशांच्या खाली रात्री जायला लागल्या की पानं काळवंडतात, हिम पडलं तर वरचं सगळं एका रात्रीत शिजवल्यासारखं. जिथे थंडी सौम्य असते तिथे ती वर्षानुवर्षं जगते, फक्त मंदावते. तुमच्याकडे १० च्या खाली जात असेल तर त्याच्या पंधरा दिवस आधीच कटिंग घ्या, आणि मी गड्डे साठवण्यापेक्षा कटिंगच्याच बाजूचा आहे. चारपाच तुकडे लहान कुंड्यांत, सगळ्यात जास्त उजेड येणाऱ्या खिडकीत, पाणी बेताचं, खत बंद. मरतुकडी दिसतील, दिसू द्या. वसंतात शेंडे खुडले की ती सुटतात, आणि रंग तोच मिळणार याची खात्री असते.

गड्डे ठेवायचे तर पानं काळी पडल्याबरोबर उकरा, माती झटका, धुऊ नका, जखम झालेला बाजूला काढा. उबदार सावलीत आठवडाभर साल घट्ट होऊ द्या, मग कोरड्या कोकोपीटमध्ये किंवा कागदात गुंडाळून १३ ते १५ अंशांच्या आसपास अंधारात. फ्रिजमध्ये चुकूनही नाही, तिथे ते आतून कडक होतात आणि बाहेर काढल्यावर कुजतात. दर महिन्याला हात लावून मऊ पडलेला फेकायचा. लावताना आडवा ठेवून अर्धा मातीत, उबेला, फुटवे यायला महिना दीड महिना धरा. आणि एक लक्षात ठेवा, बटाट्यासारखे याला डोळे नसतात कारण बटाटा हे खोड आणि हे मूळ, त्यामुळे डोळा बघून तुकडे करायला जाऊ नका, अख्खा लावा. फुटवे बहुतेक वेलीकडच्या टोकाला येतात. आणि पिशवीवर रंगाचं नाव लिहा हो, मी एकदा सगळे एकाच खोक्यात टाकले, वसंतात गिऱ्हाइकांना काळी म्हणून दिलेल्या निम्म्या पोपटी निघाल्या, आणि तेही फुटवे आल्यावर कळलं.

फुलाचं विचारलं होतंत शेवटी. शोभेच्या जातींना फूल क्वचितच येतं, दिवस लहान होतात तेव्हा एखादवेळी, फिकट जांभळ्या रंगाचं, मॉर्निंग ग्लोरीसारखंच कारण कुळ एकच. खत वाढवून येत नाही. आलंच तर सकाळी लवकर बघून घ्या, दुपारपर्यंत मिटतं.